पहिल्या खुर्चीवर कोण

“ताई, शिकवायचं तर पुरतं शिकवा, नाहीतर हात लावू नका,” मावशी मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. “काहीच येत नाही तोवर मी चार जणांना विचारते. थोडंसं यायला लागलं की विचारायची नाही. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.”

मी हसण्यावारी नेलं. “अहो मावशी, इंग्रजी आहे, इंजेक्शन नाही. थोडं कमी-जास्त झालं तरी कुणी मरत नाही.” माझ्या विनोदावर त्याही हसल्या. आज त्यांच्या हाताला काम नाही. ते का नाही, हे त्या सोडून सगळ्यांना वाचता येतं.

मी काळजी करणारी आई आहे. दूध मनगटावर टाकून बघते, पुसते, परत टाकून बघते. लेक झोपली की तिच्या नाकाशी बोट धरते. नवरा म्हणतो, “तू आई नाहीस, तपासनीस आहेस.” पाळणाघर ठरवण्याआधी मी सात जागा पाहिल्या, टेबलांचे कोपरे हाताने चाचपले, खिडकीच्या गजांमधून स्वतःची मूठ घालून पाहिली. शेवटी ठरवलं ते जागेकडे बघून नव्हे, मावशींकडे बघून. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, साडीचा पदर कायम खोचलेला. एका मांडीवर एक मूल, दुसऱ्या मांडीवर दुसरं, आणि तिसऱ्याला नुसत्या आवाजाने जागेवर बसवून ठेवणाऱ्या. माझी लेक पहिल्या दिवशी पाच मिनिटं रडली. सहाव्या मिनिटाला मावशींच्या चष्म्याशी खेळत होती. मलाच जरा लागलं.

मग पाळणाघराच्या मॅडमना वाटलं की जागेचा दर्जा वाढवावा. भिंती रंगवल्या, पाटी बदलली, आणि रोज प्रत्येक मुलाबरोबर घरी एक चिठ्ठी जाऊ लागली. मुलाने काय खाल्लं, किती झोपलं, काय केलं. इंग्रजीत. चिठ्ठ्या लिहायच्या मावशींनी, कारण दिवसभर मुलांजवळ त्याच.

मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षरं येत होती, शब्दही बऱ्यापैकी माहीत होते. वाक्य म्हटलं की गाडी अडायची. मॅडमनी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती, की इंग्रजीत क्रियापद मधे घालायचं. मावशींनी ‘बिस्किट बाळाने खाल्लं’ हे आपलं सरळ वाक्य घेतलं आणि खाल्लं तेवढं उचलून मधे ठेवलं. माझ्या लेकीच्या चिठ्ठीवर आलं, ‘बिस्किट एट बेबी.’

बिस्किटाने बाळ खाल्लं.

मी त्या चिठ्ठीचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. मीच टाकला, हे इथे सांगून ठेवते. खाली हसण्याच्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, “आमच्याकडे काल दुधाने मुलगी प्यायली.” कुणी लिहिलं, “बिस्किटावर गुन्हा दाखल करा.” दुसऱ्या दिवशी मॅडमनी मावशींना सगळ्यांसमोर ऐकवलं, “या महिन्यात सुधारलं नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल.” मावशी खाली मान घालून एका बाळाचं नाक पुसत होत्या. पुसून झालेलं नाक त्या पुसतच राहिल्या.

म्हणून मी शिकवायला गेले. लोकांना मी सांगितलं, माणुसकी म्हणून.

माझी नोकरी अर्ध्या दिवसाची आहे, एका कंपनीच्या तक्रार विभागात. लोक चिडून लिहितात, मी शांतपणे उत्तरं लिहिते. आमच्या उत्तरांत कुणीच काही केलेलं नसतं. ‘गैरसोय झाली’, ‘विलंब घडला’, ‘आपला अर्ज नाकारण्यात आला.’ कुणी नाकारला, हे लिहायचं नाही, हे शिकायला मला एक वर्ष लागलं आणि त्यासाठी बढती मिळाली. दोन वाजता मी मोकळी व्हायचे. तेव्हा पाळणाघरात मुलं झोपलेली असत. अडीचला माझी लेक उठायची. मधला अर्धा तास आमचा वर्ग.

मुलांच्या तीन खुर्च्या मी ओळीने मांडल्या. लाल, पिवळी, निळी. लाल खुर्चीवर कापडी अस्वल ठेवलं, निळीवर बिस्किट. मधल्या पिवळीवर कागदाचा तुकडा, त्यावर ‘एट’.

“हे बघा मावशी. पहिल्या खुर्चीवर बसतो तो करणारा. मधल्या खुर्चीवर त्याचं काम. शेवटच्या खुर्चीवर ज्याचं जे व्हायचं ते होतं, तो. बेअर एट बिस्किट.”

“आणि आपलं ‘ने’ आणि ‘ला’ कुठे बसवायचं?”

“ते इंग्रजीत नसतंच.”

“अरे देवा.” त्यांना खरोखर वाईट वाटलं. “मग कुणी कुणाला मारलं ते त्यांना कळतं कसं?”

“जागेवरून. आपल्याकडे अस्वलाने बिस्किट खाल्लं म्हणा, नाहीतर बिस्किट अस्वलाने खाल्लं म्हणा, खाणारं अस्वलच. त्यांच्यात जागा बदलली की...”

“की गुन्हेगार बदलतो.” मावशींनी अस्वल उचलून निळ्या खुर्चीवर ठेवलं, बिस्किट लाल खुर्चीवर, आणि तोंडावर हात धरून हसल्या. मुलं उठू नयेत म्हणून आवाज न करता, अंग गदगदवत. “म्हणजे मी महिनाभर बिस्किटांकडून पोरं खाववत होते! लाल खुर्चीवर बसेल त्याच्या नावावर बिल फाडायचं, एवढंच ना?”

“एवढंच.”

“नेहमी?”

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन पंचवीस. खरं तर नेहमी नाही, हे मला माहीत होतं. माझी रोजीरोटीच त्या ‘नेहमी नाही’वर चालते. पण त्यांना कर्मणी प्रयोग समजावायचा म्हणजे आणखी आठ दिवस, आणि चिठ्ठ्यांना त्याची गरज नव्हती.

“नेहमी,” मी म्हणाले. “आणि ते इज, वॉज, द, बाय, ऑफ असले बारके शब्द येतात ना, ते भरताड. वाचताना त्यांच्यावरून उडी मारा.”

मावशी उड्या मारू लागल्या. पंधरा दिवसांत चिठ्ठ्या सुधारल्या. ‘बेबी ड्रँक मिल्क.’ ‘बेबी थ्रू शूज.’ रस्त्यावरच्या पाट्यांवरही त्या खुर्च्या मांडून बघायच्या. पाळणाघराच्या जिन्यापाशी मुलांसाठी कमरेएवढं जाळीचं फाटक होतं. त्याची कडी दाबून डावीकडे सरकवली तरच लागायची, नाहीतर लागल्यासारखी दिसायची. फाटकावर मॅडमनी कागद चिकटवला होता, ‘प्लीज क्लोज द गेट.’

“ताई, इथे लाल खुर्ची रिकामी आहे,” मावशी एकदा म्हणाल्या. “करणारा कोण?”

“हुकूम असला की लिहीत नाहीत. जो वाचेल तो.”

“म्हणजे जो वाचेल त्याच्यावर जबाबदारी.” त्यांनी मान डोलावली. “बरंय. मी वाचते, मी लावते.” आणि येता-जाता त्या कडी हलवून बघायला लागल्या. माझ्यासारख्याच झाल्या, मला वाटलं.

त्या दिवशी मला उशीर झाला होता, मुलांना घरी न्यायची वेळ होत आली होती, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला होता. कुठल्याशा उत्तरात चुकून ‘आम्ही’ असा शब्द गेला होता आणि वरिष्ठ ओरडत होते. एका कानाशी फोन, खांद्यावर पर्स, हातात लेकीचं स्वेटर. मी फाटकातून आत शिरले, पायाने ते मागे लोटलं आणि तशीच आतल्या खोलीत गेले. कडीचा आवाज झाला नाही, हे मला ऐकू आलं. म्हणजे काय म्हणतेय मी ते कळतंय ना? आवाज न होणं मला ऐकू आलं. वाटलं, फोन संपला की लावते.

बाहेरच्या खोलीत मावशी खाली बसून भिंगरीला बूट घालत होत्या. भिंगरी म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंची अडीच वर्षांची मुलगी. खरं नाव काही वेगळं, पण एका जागी टिकायची नाही म्हणून मावशींनी भिंगरी ठेवलेलं. मावशींच्या एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात बूट. बुटाचा बंद सुटला, मावशी वाकल्या, आणि भिंगरीने हात हिसडला. सहा पावलं. फाटकाला तिने नुसतं पोट लावलं.

अकरा पायऱ्या होत्या. मी आतून मोजल्या नाहीत, पण आवाजावरून मला अजूनही मोजता येतात.

गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला पाच टाके पडले. जीव वाचला. महिनाभरात पुन्हा भिंगरीसारखी फिरू लागली, हे मी माझ्यासाठी नव्हे, तुमच्या माहितीसाठी लिहिते.

मावशी दोन दिवस एकच बोलत होत्या. “माझा हात सोडून गेली हो. माझा हात सोडून गेली. फाटक मी स्वतः लावलं होतं ताई, हलवून बघितलं होतं. मग कुणी आलं असेल का?” माझ्याकडे बघून विचारायच्या. माझ्यावर संशय होता म्हणून नव्हे. ज्या माणसाला सगळं येतं त्याला विचारावं तसं.

“घ्यायच्या वेळेला सतरा जण येतात मावशी,” मी म्हणाले. वाक्य चुकीचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टरीणबाईंना सगळं लेखी हवं होतं, इंग्रजीत, दुसऱ्या दिवशीपर्यंत. “तुमचं लिहिणं सफाईदार आहे,” मॅडम म्हणाल्या. “माझं काही खरं नाही. मी लिहायला बसले तर रडेन.”

मी पहिलं वाक्य सहज लिहिलं. ‘द गेट वॉज लेफ्ट ओपन.’ फाटक उघडं राहिलं. कुणी ठेवलं त्याला जागाच नाही. आपल्या मराठीतही ही सोय आहे. कप फुटतो, दूध नासतं, फाटक राहतं. पेनाला शाई आणि अंगाला घाम असताना मला एक क्षण फार हलकं वाटलं.

मॅडमनी वाचलं. “छान आहे. पण एवढ्याने बाईंचं समाधान होणार नाही. कुणाचं तरी नाव लागेल. नुसतं ‘झालं, झालं’ चालणार नाही.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “त्या वेळी कोण कोण आत आलं होतं, तेही विचारतायत त्या.”

मॅडमना काही माहीत होतं का, मला आजही ठाऊक नाही. मी पेन खाली ठेवलंच नाही.

‘द गर्ल वॉज लेफ्ट बाय द केअरटेकर नियर द स्टेअर्स.’

मुलीला सांभाळणाऱ्या बाईने जिन्याजवळ सोडून दिलं. पहिल्या वाक्यातला ‘बाय’ मी गाळला होता. दुसऱ्यात घातला. दोन अक्षरांचं भरताड.

“वाचल्याची सही लागेल त्यांची,” मॅडम म्हणाल्या.

मावशी हात पुसत आल्या. मला वाटलं होतं, त्या म्हणतील ताई, वाचून दाखवा. मग मी काय वाचलं असतं, ते मला कधीच कळणार नाही, कारण त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि चष्मा वर ढकलला. “थांबा, थांबा. मी वाचते. एवढे दिवस काय उगाच शिकवलंत?”

बोट कागदावरून चाललं. “गेट... लेफ्ट... ओपन. फाटक उघडं होतं. कुणी ते नाही लिहिलं?”

“माहीत नाही ना आपल्याला,” मी म्हणाले.

“तेही खरं.” बोट पुढे सरकलं. ‘वॉज’वरून त्यांनी उडी मारली. ‘बाय’वरून उडी मारली. मी शिकवल्याप्रमाणे, नीट, पाय न अडखळता. “गर्ल... लेफ्ट... केअरटेकर. केअरटेकर म्हणजे मीच ना?”

“हो.”

“लाल खुर्चीवर गर्ल. शेवटच्या खुर्चीवर मी. मुलगी सोडून गेली मावशीला.” त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते. “स्टेअर्स म्हणजे जिना. जिन्याजवळ सोडून गेली. अगदी असंच झालं हो ताई. अगदी असंच. बरोबर वाचलं का?”

मॅडम टेबलावरच्या टाचण्या एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत होत्या. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच समजतं.

“फार छान वाचलंत,” मी म्हणाले.

मावशींनी सही केली. इंग्रजीत, आयुष्यात पहिल्यांदा. शेवटच्या अक्षराला एक झोकदार शेपूट काढलं, आणि म्हणाल्या, “मला एक प्रत मिळेल का मॅडम? उद्या कुणी विचारलं तर दाखवायला बरं.” मॅडमनी लगेच दिली. मावशींनी मागितल्याबरोबर मॅडमनी दिलेली अशी ही एकच गोष्ट असेल.

सोमवारी त्यांना काढलं. मावशींना वाटलं, डॉक्टरीणबाईंचं वजन पडलं. “मोठी माणसं आहेत ती,” जाताना त्या मला म्हणाल्या. “पण कागदावर माझी चूक नाही ना, मग मला भीती नाही.” माझ्या लेकीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. लेक तीन आठवडे दारात उभी राहून “मावी? मावी?” करत होती. मग विसरली. मुलं विसरतात, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं आणि बरं वाटलं.

चार महिन्यांनी मावशी बसथांब्यावर भेटल्या. साडी स्वच्छ, पण गालांची हाडं वर आलेली. हातात कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याची फाईल.

“सात ठिकाणी जाऊन आले,” त्या म्हणाल्या. “दोन पाळणाघरं, एक बालवाडी, बाकी घरं. आधी सगळी गोड बोलतात. मुलं लगेच अंगाला चिकटतात, ते बघतात. मग विचारतात, आधीचं काम का सुटलं? मी लपवत नाही. फाईल काढते, म्हणते, बघा, इंग्रजीत लेखी आहे, मुलगी माझा हात सोडून गेली. ती वाचतात. परत एकदा वाचतात. मग म्हणतात, कळवतो.” त्या हसल्या. “एका बाईने तर आपलं मूल माझ्या मांडीवरून पटकन उचललं. जसं काही मी... जाऊ दे. इंग्रजी वाचणारी माणसं जरा तुटक असतात का हो ताई? तुम्ही सोडून.”

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मराठीत. तीन शब्दांचं. ‘तो कागद फाडा.’ कर्ता नसलेलं, हुकमाचं वाक्य. जो ऐकेल त्याच्यावर.

पण फाडा म्हटलं की का म्हणून विचारणार. का सांगितलं की बाय सांगावा लागणार. बाय सांगितला की पहिल्या वाक्यात तो का नाही, हे त्यांच्यासारखी बाई दोन मिनिटांत विचारेल. हुशार होत्या. लाल खुर्ची रिकामी दिसली की त्यांना चैन पडायचं नाही.

“ताई, एक काम कराल?” त्यांनी फाईल उघडली. “घडीवर फाटायला लागलाय. तुमच्या हातचा कागद, जपते मी. ते प्लास्टिक मढवून देतात ना, तसं करून द्याल? मला दुकानदार काही नीट उत्तर देत नाहीत.”

मी कागद घेतला. माझ्या हातात होता तो. घडीवर निम्मा तुटलेला, वाऱ्याने फडफडणारा. रस्त्याच्या कडेला गटाराची जाळी होती. हातातून पडला, एवढंच म्हणायचं होतं. पडला. गेला. मराठीत किती सोपं आहे.

झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाने कागद यंत्रात घालण्याआधी वाचला, माझ्याकडे पाहिलं. “तुमचा आहे?”

“नाही. एका बाईंचा.”

“हे घेऊन फिरतात त्या?” तो पुटपुटला. मग, “चारी बाजू बंद करू? पाणी पडलं तरी काही होणार नाही.”

“करा,” मी म्हणाले.

गरम, गुळगुळीत, न दुमडणारा कागद मी मावशींच्या हातात दिला. त्यांनी पदराच्या टोकाने त्याच्यावरचे माझ्या बोटांचे ठसे पुसले.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. मावशी बसथांब्यावर दिसत नाहीत. फोन लागत नाही. मी रोज दोन वाजता त्याच रस्त्याने येते, रोज बघते. बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या राहतात तिथवर मात्र माझे पाय वळत नाहीत. मी गेले तर त्या मला चहा करतील, खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसवतील आणि विचारतील, “ताई, या कागदात काही चुकलंय का हो?” त्या आता विचारायला लागल्या असतील, अशी मला भीती आहे. त्याहून मोठी भीती ही, की अजून विचारत नसतील.

म्हणून तुम्हाला सांगते. बसथांब्यासमोर लॉन्ड्री आहे. तिच्या बाजूने लोखंडी जिना वर जातो. वरचं दुसरं दार, निळा पडदा. जरा जाऊन बघून या. दार नाही उघडलं तर शेजारी विचारा, शेवटचं कधी पाहिलं. उघडलं, तर नीट जेवतात का बघा. तो कागद त्या पुढे करतीलच. वाचल्यावर तोंड पाडू नका, आणि बारक्या शब्दांवरून उडी मारू नका. बोट ठेवून, सावकाश, जे तिथे आहे ते मराठीत सांगा.

आणि कुणी पाठवलं म्हणून विचारलं तर माझं नाव घेऊ नका. म्हणा, पाठवण्यात आलंय.